कारखान्याला गेलेल्या बाळाचे राहिलेले डोस

पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आमचे माहेर बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात असून मला जवळच्याच गावात दिलेले आहे. माझा धाकटा भाऊ आणि भावजय दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. यंदा १० ऑगस्टला भावजयीला मुलगी झाली. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झाले आणि जन्माच्या वेळच्या लसी तिथेच मिळाल्या. दीड महिन्याचा डोस २४ सप्टेंबरला उपकेंद्रात दिला. त्या रात्री बाळाला ताप भरला, ते रात्रभर रडले, आणि मांडीवर आलेली गाठ बरेच दिवस राहिली. तेव्हापासून आमच्या आईने धरून ठेवले आहे की आता पोरीला सुई लावायची नाही. दिवाळीच्या आधीच टोळी निघाली आणि सध्या ते सर्व जण कर्नाटकच्या हद्दीतील एका कारखान्यावर आहेत. भावजय तिथल्या एका सरकारी दवाखान्यात बाळाला घेऊन गेली होती, पण कार्ड गावी पेटीतच राहिले होते. 'तुम्ही आमच्या भागातले नाही, पुढच्या वेळी बघू' असे सांगून तिला परत पाठवले. त्या दिवसाचा खाडा पडला, मुकादम बोलला, आणि आता भाऊ लसीचे नाव काढू देत नाही. बाळ चार महिन्यांचे झाले आहे. मोठा मुलगा आईजवळ गावी आहे. तो येत्या फेब्रुवारीत तीन वर्षांचा होईल. त्याच्या कार्डावर साडेतीन महिन्यांपर्यंतच्या सगळ्या नोंदी आहेत, पण नवव्या महिन्यापासून कार्ड कोरे आहे. बाळाचे डोस पहिल्यापासून सुरू करावे लागतील का? ताप आला म्हणजे तिला लस मानवत नाही असे समजायचे का? तिला इकडे आणावे का? आणि आईची समजूत कशी घालावी?

— एक आत्या, धारूर तालुका

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

निकडीचा प्रश्न आधी घेते. बाळाचा दिलेला डोस वाया गेलेला नाही आणि पहिल्यापासून सुरुवात करण्याची काहीही गरज नाही. दोन डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचे अंतर असावे लागते. अंतर त्याहून जास्त पडले, तरी जिथे थांबलो होतो तिथून पुढे चालू करायचे असते. म्हणजे अडीच महिन्याचा राहिलेला डोस आता मिळेल त्या पहिल्या दिवशी द्यायचा आणि त्यानंतर चार आठवड्यांनी साडेतीन महिन्याचा. या आठवड्यात दुसरा डोस मिळाला, तर जानेवारीच्या मध्यापर्यंत तिसरा होऊन जाईल आणि बाळ वेळापत्रकाच्या दोन महिने मागे असले तरी सुरक्षित झालेले असेल. पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल या लसींचे राहिलेले डोसही याच दोन भेटींत बसवता येतात. एकाच दिवशी दोन-तीन लसी दिल्याने बाळाला अपाय होत नाही.

डोस वाया गेला नाही, याचा अर्थ घाई नाही असा मात्र मुळीच घेऊ नका. मांडीत दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंट लसीत पाच आजारांविरुद्धचे संरक्षण असते : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, 'ब' प्रकारची कावीळ, आणि न्यूमोनिया व मेंदूज्वर घडवणारा हिब नावाचा जंतू. यांपैकी डांग्या खोकला सहा महिन्यांच्या आतील बाळांना सर्वाधिक घातक असतो, कारण एवढ्या लहान बाळाला खोकल्याची उबळ सोसत नाही आणि मध्येच त्याचा श्वास थांबतो. एका डोसाने मिळणारे संरक्षण तोकडे असते. तुमची भाची नेमक्या याच वयात, थंडीच्या दिवसांत, पाचटाच्या खोपीत, चुलीच्या धुरात आणि शेजारच्या दहा-वीस खोपींतील मुलांच्या सहवासात राहते आहे. गावातल्या पक्क्या घरात राहणाऱ्या बाळापेक्षा तिला या लसीची गरज अधिक आहे.

आता तापाविषयी. तुमच्या आईंनी जे पाहिले ते खरे आहे आणि त्यांची काळजीही खोटी नाही. या लसीतील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे पुष्कळ बाळांना त्याच संध्याकाळी ताप येतो, बाळ किरकिर करते, मांडी लाल होऊन दुखते, आणि बहुतेक वेळा हे सगळे एक-दोन दिवसांत ओसरते. मांडीत राहिलेली घट्ट, न दुखणारी गाठ काही आठवडे हाताला लागू शकते आणि पुढे आपोआप विरते. हा लस न मानवल्याचा पुरावा नव्हे. शरीराने लसीची दखल घेतली, एवढाच त्याचा अर्थ आहे. तरीही पुढचा डोस घेण्याआधी भावजयीला फोनवर काही गोष्टी नेमकेपणाने विचारा. त्या रात्री बाळाला झटके आले होते का? तीन तासांहून अधिक काळ ते सलग, काही केल्या न थांबता ओरडून रडत होते का, की मध्ये पाजल्यावर शांत होत होते? ते एकदम निपचित, हाक मारूनही दाद न देणारे झाले होते का? यांपैकी एकाचेही उत्तर 'होय' असेल, तर डोस देण्यापूर्वी ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितलेच पाहिजे. मग पुढे कोणती लस द्यायची ते डॉक्टर ठरवतील. नुसता ताप, किरकिर आणि गाठ एवढेच घडले असेल, तर दुसरा डोस निःशंकपणे द्यावा.

डोसानंतर अर्धा तास केंद्रातच थांबावे. बाळाला अंगावर पाजत राहावे. नर्सबाईंनी पॅरासिटामॉलचे औषध दिले, तर ते बाळाच्या वजनाप्रमाणे किती आणि किती वेळाने द्यायचे, हे त्यांच्याकडून दोनदा विचारून घ्यावे. मांडी दुखत असेल तर पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ फडके ठेवावे, चोळू मात्र नये. आपल्या भागात अशा गाठीवर हळद-चुना लावतात, क्वचित बिब्बाही घालतात; बिब्ब्याने कोवळी कातडी भाजून झालेली जखम मी स्वतः पाहिलेली आहे आणि ती लसीच्या गाठीपेक्षा कितीतरी वाईट होती. भावजयीला हे आवर्जून सांगा, कारण तळावर सल्ला देणारी माणसे अनेक असतात.

आईंशी बोलताना त्यांना अडाणी ठरवू नका. रात्रभर रडणारे बाळ मांडीवर घेऊन त्याच बसल्या होत्या. ताप येईल आणि तो दोन दिवसांत जाईल, हे त्यांना आधी कुणी सांगितले होते का? लस टोचताना कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, त्यावर काय करायचे आणि पुन्हा केव्हा यायचे, एवढे सांगणे हा लसीकरणाचाच भाग आहे. सत्राच्या गर्दीत तो सर्वांत आधी गळतो. घरातल्या मोठ्या बाईला विश्वासात न घेता दिलेला डोस पुष्कळदा त्या घरातला शेवटचा डोस ठरतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून वाद न घालता एक करा. त्यांच्या दंडावर देवी टोचल्याची खूण आहे का ते पाहा. आज पन्नाशी-साठीच्या पुढे असलेल्या बहुतेक स्त्रियांच्या दंडावर ती गोल, खोलगट खूण असते. ती लस आजच्या लसीपेक्षा कितीतरी त्रासाची होती, फोड येई, पिके, खपली धरे आणि तापही येई. पण त्याच लसीने देवीचा रोग पृथ्वीवरून गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यांच्या आईने तेव्हा तो त्रास का पत्करला असेल, हे त्यांनाच विचारा आणि त्या बोलू लागल्या की ऐकून घ्या. देवीने किंवा गोवराने दगावलेल्या भावंडांची आठवण त्या पिढीच्या अनेक घरांत आहे.

यापुढे जे लिहिते आहे ते तुमच्या घरापुरते नाही, पण तुमच्या घरात काय घडले ते समजण्यासाठी आवश्यक आहे. आपल्याकडे लसीकरण अपुरे राहिले की लोक लसीला घाबरतात, लोकांत अज्ञान आहे, असे म्हणून विषय संपवला जातो. आकडे वेगळे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील एक ते दोन वर्षे वयाच्या सुमारे ९५ टक्के बालकांना जन्माच्या वेळची बीसीजी, म्हणजे क्षयरोगाविरुद्धची लस, मिळालेली होती, पण पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस मिळालेली सुमारे ८७ टक्केच होती आणि सगळ्या मूलभूत लसी पूर्ण झालेली अवघी ७६ टक्के. महाराष्ट्रात हे पूर्ण लसीकरणाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होते, ते वाढून ७३-७४ टक्क्यांवर आले. सुधारणा मोठी आहे, तरीही दर चार बालकांमागे एक अपुरे राहते. यातली बहुतेक बालके लसीकरणाच्या दारापर्यंत एकदा येऊन गेलेली आहेत. आईने एकदा तरी बाळाला नेले, सुई टोचू दिली, कार्ड घेतले. म्हणजे नकार नव्हता. पुढे कुठेतरी धागा तुटला, आणि तो कुठे तुटला हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. डोंगरी पाड्यावर तो ओढ्याला आलेल्या पुरात तुटतो, शहरातल्या झोपडपट्टीत खोली बदलताना तुटतो, आणि आपल्या मराठवाड्यात, त्यातही बीडच्या बालाघाट डोंगरपट्ट्यावर, तो दसरा-दिवाळीच्या सुमारास तुटतो.

बाळाचे वेळापत्रक आणि गाळप हंगामाचे वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळाचे दीड, अडीच आणि साडेतीन महिने नेमके टोळी निघण्याच्या आणि नव्या तळावर बस्तान बसवण्याच्या दिवसांत येतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मलेल्या बाळाचे पहिले तीन डोस गावात नीट होतात, पण नववा महिना कारखान्यावर उगवतो आणि गोवर-रुबेलाची लस राहते. तुमच्या भाच्याचे नेमके हेच झाले आहे. दोन्ही मुलांची आई एकच, आजी एकच, लसीवरचा विश्वास-अविश्वासही सारखाच, तरी एकाचे सुरुवातीचे डोस पूर्ण आणि नंतरचे कोरे, तर दुसरीचे सुरुवातीचेच अर्धवट. फरक केवळ जन्माच्या महिन्याचा आहे.

यंत्रणेच्या बाजूनेही हा धागा कसा सुटतो ते सांगते. गावातली आशाताई घरोघर फिरून लसीच्या बाळांची यादी करते आणि नर्सबाई त्या यादीप्रमाणे सत्र घेतात. टोळी गेली की तुमच्या भाचीच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. जिथे ती गेली तिथल्या आशाताईच्या यादीत तिचे नाव आपोआप चढत नाही. कोणीतरी तळावर जाऊन मोजणी करावी लागते, आणि एका शिवारातला ऊस संपला की तळही हलतो. म्हणून वीटभट्ट्या, बांधकामे, ऊसतोड मजुरांचे तळ अशा ठिकाणी खास फिरती सत्रे घ्यावीत, असे २०१४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या मिशन इंद्रधनुष या केंद्र सरकारच्या लसीकरण मोहिमेपासून वारंवार सांगितले गेले आहे. ही सत्रे होतातही. मात्र पथक तळावर पोहोचते तेव्हा सकाळचे दहा-अकरा वाजलेले असतात आणि आया पहाटेच फडात गेलेल्या असतात. खोप्यांपाशी सात-आठ वर्षांची एखादी मुलगी दोन-तीन बाळांना सांभाळत बसलेली असते. तिला ना कार्ड माहीत असते, ना बाळाची जन्मतारीख. तिच्या संमतीने कोणी लस टोचत नाही, आणि ते योग्यही आहे. पथक रिकामे परतते.

भावजयीला परत पाठवणे चुकीचे होते. लस घेण्यासाठी त्या गावचे किंवा त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट नाही. राष्ट्रीय वेळापत्रकातील मूळ लसी बीडमध्ये आहेत त्याच बेळगावात आहेत आणि सर्वत्र मोफत आहेत. कार्ड नाही म्हणूनही परत पाठवायचे नसते. यू-विन या सरकारी प्रणालीत बाळाची नोंद झाली असेल, तर आईने दिलेल्या मोबाइल क्रमांकावरून दिलेले डोस कोणत्याही राज्यात पाहता येतात. नोंद सापडली नाही तर आईच्या सांगण्यावरून आणि दंडावरच्या बीसीजीच्या व्रणावरून अंदाज घेता येतो. एखादा डोस चुकून जास्त झाला तर अपाय होत नाही, कमी पडला तर मात्र होतो.

तरीही त्या नर्सबाईंच्या बाजूचे एक कारण सांगितले पाहिजे, कारण त्यातूनच तुमच्या भावाला पटेल असा मार्ग निघतो. लसीची एक कुपी पुष्कळदा दहा बाळांसाठी असते. पेंटाव्हॅलंट किंवा तोंडावाटेच्या पोलिओची कुपी उघडल्यानंतर नीट थंड ठेवली, तर नियमानुसार २८ दिवसांपर्यंत वापरता येते. पण बीसीजी आणि गोवर-रुबेला या लसी पावडरच्या रूपात येतात. त्यांत पाणी मिसळले की चार तासांत संपवायच्या, उरलेली लस टाकून द्यायची. शीतपेटीचे झाकण उघडून, चार बर्फाच्या पाकिटांमधली कुपी हातात घेऊन, समोर एकच बाळ पाहून थबकलेल्या नर्सबाई मी पाहिल्या आहेत. नियम असा आहे की एक बाळ आले तरी कुपी उघडावी. प्रत्यक्षात वाया गेलेल्या डोसांचा हिशोब विचारला जाईल या धास्तीने 'पुढच्या वेळी या' असे उत्तर दिले जाते. गावात राहणाऱ्या आईला पुढची वेळ मिळते. तुमच्या भावजयीची पुढची वेळ म्हणजे आणखी एक खाडा.

खाड्याचा भार तुमच्या भावावर किती असतो, याची मला जाणीव आहे. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. एक जण थांबला तर दुसऱ्याची तोड अर्धी होते, गाडी भरत नाही, आणि डोक्यावर मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, असतेच. म्हणून 'लेकरापेक्षा पैसा मोठा का?' असे त्याला विचारू नका. तो प्रश्न त्याला अपमानकारक वाटेल आणि तो अन्यायकारकही आहे. त्याच्याशी टोळीविषयी बोला. त्यांच्या तळावर पाच वर्षांखालची मुले किती आहेत, हे भावजयीला एका संध्याकाळी मोजायला सांगा. मोठ्या तळावर आठ-दहा मुले सहज निघतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे काही ना काही राहिलेले असते. एका बाळासाठी एका बाईने खाडा करून दवाखान्यात जाण्याऐवजी टोळीने मिळून मुकादमाला सांगावे की या सगळ्या मुलांसाठी नर्सबाईंना तळावर बोलवायचे आहे. मुकादमालाही हे सोयीचे आहे, कारण निरनिराळ्या दिवशी आठ खाडे पडण्यापेक्षा एका दिवशी सगळ्यांचा तासभर मोडणे त्याला परवडते. शिवाय तळावर गोवर शिरला तर पंधरा दिवस एकामागून एक बाई लेकरू घेऊन बसणार, हेही त्याला कळते. दहा मुले एकत्र असली की कुपी वाया जाण्याचा प्रश्नच उरत नाही आणि नर्सबाई आनंदाने येतात.

बोलावणे कोणामार्फत पाठवायचे, तेही सांगते. ज्या गावाच्या शिवारात तळ आहे त्या गावच्या आशाताई किंवा अंगणवाडीताई हा सर्वांत जवळचा मार्ग. 'आशा' म्हटले की कर्नाटकातही लगेच कळते. दुसरा मार्ग कारखान्याचा. टोळी कोणत्या शेतात आहे हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, रोज माहीत असते आणि त्याच्यामार्फत शेतकी विभागाला निरोप जातो. कारखान्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला तळांची यादी दिली, तर पथकाला शिवारभर शोधत फिरावे लागत नाही. माझे तर स्पष्ट मत आहे की ज्या कारखान्याला टोळी कुठे आहे हे उसाच्या वजनासाठी तासातासाला ठाऊक असते, त्याने तेवढी माहिती मुलांच्या लसीसाठी देणे ही उपकाराची गोष्ट नसून त्याचे कर्तव्य आहे. सत्राची वेळ मात्र आयांनी सांगावी : दुपारी गाडी भरून गेल्यानंतरची, किंवा कारखाना दुरुस्तीसाठी बंद असेल त्या दिवसाची. महाराष्ट्रातल्या तळासाठी १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही विचारणा करता येते.

एवढे जमेपर्यंत भाचीचा डोस अडवून ठेवू नका. सत्र आठवड्याभरात ठरत नसेल, तर या एका वेळेपुरता भावाने खाडा सोसावा, आणि त्यासाठी तुम्ही इकडून हातभार लावू शकत असाल तर तसे त्याला सांगा. जाण्याआधी सत्राचा नेमका दिवस आणि वेळ फोनवर किंवा आशाताईंकडून पक्की करावी, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. बाळाला सर्दी, हलका खोकला किंवा थोडे जुलाब असले तरी लस देता येते. या कारणाने भावजयीने स्वतःहून मागे फिरू नये.

कार्डाचे काम आजच करा. पेटीतून ते काढून त्याच्या दोन्ही बाजूंचे, अक्षरे वाचता येतील असे फोटो भाऊ-भावजयीच्या आणि मुकादमाच्याही फोनवर पाठवा. ऊसतोडीच्या धावपळीत फोन फुटतात, हरवतात, म्हणून एक प्रत तुमच्याकडे ठेवा. गावाकडून कोणी कारखान्याकडे जाणारे असेल, तर मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याबरोबर द्या. नव्या ठिकाणी दिलेल्या प्रत्येक डोसाची नोंद त्याच कार्डावर तारखेसह करून घ्यायची. गावी परतल्यावर हा कागदच आपल्या नर्सबाईंना दाखवायचा आहे.

बाळाला इकडे आणण्याविषयी विचारले आहे. माझे उत्तर 'नाही' असे आहे. चार महिन्यांचे बाळ अंगावर पिते आहे आणि सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईचे दूध हाच तिचा संपूर्ण आहार आहे. तिला आईपासून तोडून वरच्या दुधावर ठेवले, तर जुलाब आणि कुपोषणाचा धोका तिच्या वाट्याला येईल. लस तिच्यापर्यंत गेली पाहिजे.

आता मोठ्या भाच्याकडे वळू, कारण त्याचे काम सर्वांत सोपे असून तेच सर्वांत दुर्लक्षित आहे. तो गावातच आहे, तुमच्या जवळ आहे. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते. येत्या सत्राच्या दिवशी त्याला घेऊन जा, पहिला डोस द्या आणि महिन्याने दुसरा. दीड वर्षाचा त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचा बूस्टरही राहिलेला असणार, तोही त्याच दिवशी देता येतो, आणि जीवनसत्त्व 'अ' चा डोस मागायला विसरू नका. गोवर हा ठाऊक असलेल्या आजारांपैकी सर्वांत वेगाने पसरणाऱ्यांत मोडतो. एका रुग्णापासून, संरक्षण नसलेल्या वस्तीत, बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो. त्यामुळे शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाल्याशिवाय त्याची साथ थांबत नाही. नवव्या महिन्यातल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांनाच संरक्षण मिळते, म्हणून दुसरा डोस असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा मुले दगावली, आणि आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली मुले फार मोठ्या संख्येने होती. 'गोवर काय, सगळ्यांनाच निघतो, आपोआप जातो' असे आपल्याकडे अजून म्हणतात. तो जातो, परंतु जाताना न्यूमोनिया आणि जुलाब मागे ठेवून जातो, आणि नंतर कित्येक आठवडे मुलाची ताकद इतकी खालावते की दुसरा कोणताही साधा आजार त्याला भारी पडतो.

आईंची समजूत घालण्याचे कामही याच मुलापासून सुरू करा. त्यांना सोबत घेऊन जा, नातवाला त्यांच्याच मांडीवर बसवा, कोणती लस दिली आणि काय होऊ शकते ते नर्सबाईंनी त्यांना समोर सांगावे अशी विनंती करा. गोवर-रुबेलाच्या लसीने ताप आलाच तर सहसा आठवडाभराने येतो, तेही त्यांना आधीच माहीत असू द्या, म्हणजे त्या गडबडणार नाहीत. एका नातवाचे नीट पार पडले की नातीविषयीचा त्यांचा विरोध बराच मावळेल, आणि तुमच्या भावाला फोनवर त्यांनीच सांगितले तर तुमच्या दहा फोनांचे काम होईल.

शेवटी पुढच्या तारखांबद्दल. भाचीला पुढच्या वर्षी १० मे रोजी नऊ महिने पूर्ण होतील. तोपर्यंत टोळी गावी परतलेली असेल, तेव्हा गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर आणि जीवनसत्त्व 'अ' हे सगळे उपकेंद्रातच होईल. मे महिन्याच्या उन्हात आणि लग्नसराईत तो दिवस निसटू देऊ नका. त्यानंतरचा डोस सोळा महिन्यांचा, म्हणजे पुढच्या १० डिसेंबरचा, आणि तेव्हा घरातली माणसे पुन्हा कारखान्यावर असतील. हा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान घेता येतो. तळावर सत्र मिळाले तर तिथेच द्यावा. नाही मिळाले तर त्या हंगामाहून परतल्यावर एप्रिलमध्ये, घरी सामान उतरवल्याच्या पहिल्याच आठवड्यात द्यावा. दोन वर्षे पूर्ण व्हायला तेव्हाही चार महिने शिल्लक असतील. या दोन्ही तारखा आताच कार्डाच्या कोऱ्या जागेत लिहा, आणि टोळी निघण्याआधी, सप्टेंबरमध्ये, गावच्या आशाताईंना भेटून हंगामात कुठे जाणार आहात ते कारखान्याच्या नावासह त्यांच्या वहीत नोंदवून घ्या.